पांढरी सालं

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी नाशिककर झाले. सकाळी लासलगावहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोन लुगडी, चष्मा, बाजरीचं पीठ आणि लसणाच्या गड्ड्या, एवढाच माझा संसार. जावईबापू बुद्धभूषण स्टँडवर घ्यायला आले होते. पिशवी उचलताना वास आला तसे म्हणाले, आत्या, नाशकात लसूण मिळतो. मी म्हटलं, मिळत असेल, पण त्याची नि माझी ओळख नाही ना.

घर सातपूरला आहे, एका कॉलनीत, वरचा मजला. नवाकोरा रंग, अजून वास जात नाही. दोन खोल्या, हवेशीर ओटा, मागं गॅलरी. गॅलरीतून कंपन्यांचे पत्रे दिसतात आणि पाळी सुटली की मोटारसायकलींचा पूर येतो. खाली घरमालकीण विमलाबाई राहतात. त्यांनी मला चहा पाजला आणि चहा संपायच्या आत माझं वय, माझा आजार आणि माझं माहेर काढून घेतलं. बाई गोड आहे.

रोहिणी माझ्या भावाची लेक. तिची आई गेली तेव्हा ती नुकती रांगत होती. मला नवरा होता न होता सारखाच, तेव्हा तिला मीच वाढवली. आणि तिनं मला. ती शाळेत जायची, मी कांद्याच्या खळ्यावर निवडणीला. संध्याकाळी दोघी एकाच पाटीवर. ती गिरवायची, मग मी गिरवायची. तिच्या पहिलीच्या पुस्तकानं मला अक्षरं दिली, तेव्हापासून पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. आता ती कंपनीत बटणं जोडते, विजेची, आणि तिची दिशा पहिलीला आहे. दोघांच्या पाळ्या, पोरीकडं बघायला कुणी नाही, म्हणून मला बोलावली. ही वही तिनंच आणून ठेवली होती उशाशी. म्हणाली, आत्या, दिवसभर एकटी असशील, कुणी नसलं की हिच्याशी बोल.

दिशा माझ्याजवळ झोपणार असं तिनंच जाहीर केलंय. माझ्या पोटाच्या वळ्या मोजून बघितल्या आणि पास केलं मला.

१३ फेब्रुवारी

घर अंगवळणी पडलं. कुठला डबा कुठं, गॅस कुठल्या बाजूला कमी होतो, पाणी कधी येतं, सगळं कळलं. दिशाची वेणी, डबा, रिक्षा. मग माझं राज्य.

एकच गोष्ट मनाला लागली. रोहिणी जेवत नाही. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सरकवते. पोट भरलं म्हणते. लहानपणी ही पोरगी माझ्या ताटातली भाकर ओढायची. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली हात ठेवून बसते, जशी काही तिथं एखादी वस्तू सांभाळतेय. विचारलं तर म्हणाली, उभ्या उभ्या डबा खाते ना, वारा धरतो.

वारा कसला. बेंबी सरकली असणार. जड उचललं, घाईत खाल्लं की सरकते. गावाकडं कितीजणी माझ्याकडं यायच्या. एरंडेल कोमट केलं, तिला सतरंजीवर आडवी केली आणि दोन्ही तळव्यांनी कडेकडून बेंबीकडं चोळत आणलं. दिशा बाजूला उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, आजी आईची कणीक मळते. आम्ही दोघी हसलो.

उठल्यावर रोहिणी म्हणाली मोकळं वाटतंय. तुझा हात फिरला की अर्धं दुखणं पळतं, असं पण म्हणाली. म्हातारीला आणखी काय पाहिजे. आज तिनं पाऊण भाकरी खाल्ली.

९ मार्च, रविवार

बुद्धभूषणच्या कंपनीतल्या मित्राचा पिंपळगावकडं द्राक्षबाग आहे. त्यानं एक क्रेट पाठवलं. एक्स्पोर्टमधून बाजूला काढलेली, पण काय द्राक्षं, हिरवी, लांबट, दातांत फुटली की कानात आवाज यावा. दिशा दिवसभर त्याच्याभोवती.

रोहिणीला मात्र मी बंदी घातली, कारण तिला खोकला लागलाय. कोरडा, ठसक्याचा. खोकल्यात द्राक्षं म्हणजे आगीत तेल. आणि आज सकाळी काय बघते, ती बेसिनवर खोकली आणि बेसिनात सालं. पांढुरकी, पातळ, ओली. द्राक्ष चोखून टाकल्यावर राहतं ना, तश्शी. मी सासूबाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग बघतं बरं.

ती शपथेवर सांगायला लागली की एकही खाल्लं नाही. बुद्धभूषण म्हणाले, पुरावा बेसिनात पडलाय, आरोपीनं गुन्हा कबूल करावा. दिशानं तर साक्षच दिली, आई लपून खात होती म्हणून, कारण तिला स्वतःला लपून खाल्लेली पचवायची होती. रोहिणी हसता हसता खोकायला लागली, खोकता खोकता खाली बसली, डोळ्यांतून पाणी. मी पाठीवर हात फिरवला आणि क्रेट माळ्यावर टाकायला लावलं.

नळ सोडला. सालं वाहून गेली.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना झाली. रोहिणीनं पांढरी साडी नेसली, नवी, निळ्या काठाची. अशी दिसत होती की मी कानामागं काजळ लावलं, आमच्यात असलं काही मानत नाहीत तरी. माझ्याकडं बघून डोळे मोठे केले तिनं. मी म्हटलं, काजळ बोटाला लागलं होतं, कुठंतरी पुसायचंच होतं.

मिरवणूक कॉलनीच्या कमानीपर्यंत पोचली आणि ती एका ओट्यावर बसली. उजव्या छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ, थेट खांद्यापर्यंत. चेहरा साडीसारखा. तशीच डॉक्टरकडं नेली, कोपऱ्यावरच्या. त्यांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली. हृदय ठणठणीत म्हणाले. गॅस आहे, वेळेवर जेवा, म्हणून पांढरं औषध दिलं बाटलीत. जीव भांड्यात पडला. गॅस तर काय, घरोघरी मातीच्या चुली.

दुपारी तेल लावून पोट चोळायला घेतलं, आणि आज हाताला काहीतरी लागलं. उजव्या बरगडीच्या कडेखाली. गोल. कांद्याच्या खळ्यावर आयुष्य गेलं माझं. वरून टणक कांदा आतून नासका असला तर देठापाशी अंगठा दाबला की कळतो, जरासा आत जातो. तसा अंगठा दाबून बघितला. टणकच होतं, पण आत काहीतरी हललं, पाण्याच्या पखालीत हलतं तसं. ती श्वास घेई तशी ती गाठही वर येई, सोडला की खाली.

मळ साचलाय, दुसरं काय. रात्रीसाठी एरंडेल चहातून देणार आहे.

२२ मे

आनंदाची बातमी. खोकल्यावरून डॉक्टरांना क्षयाची शंका आली होती. थुंकी तपासायला दिली होती आणि आज कळलं, काही नाही. विमलाबाईंना सांगितलं, शिरा केला, वाटीभर खाली पाठवला.

छातीचा फोटो काढा असंही डॉक्टर म्हणाले होते. पण कंपनीत कायम करायची नावं निघायची आहेत आणि आत्ता रजा टाकली तर साहेबाच्या डोळ्यांत येईल, म्हणून रोहिणीनं पुढं ढकललंय. जुलैत काढते म्हणाली. मीही म्हटलं, क्षय नाही ना, मग फोटो काय पळून जातोय.

ती सुकलीय मात्र. दंड माझ्या मनगटाएवढे झालेत, ब्लाउज आत घेतले मी. पण पोटाचा वरचा भाग तेवढा भरलेला. त्यावर साडी नीट बसत नाही. परवा चोळून झाल्यावर तिच्या अंगावर पित्त उठलं, गांधीच्या गांधी. मानेवर, पाठीवर. आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात बसलं. तेल मानवलं नसेल, म्हणून आता तीळतेल घेते. आणि रोज सकाळी उपाशीपोटी भिजवलेल्या काळ्या मनुका. खोकल्याला, पोटाला, रक्ताला, सगळ्याला चालतात.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. जाईल.

६ जुलै, रविवार

दिशा झोपली, आता लिहायला बसलेय.

सकाळी मी दिशाची वेणी घालत होते. रोहिणी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मोठा ठसका लागला आणि मग आवाजच बंद. बघते तर कठडा धरून वाकलीय आणि तोंडातून पाणी. उलटी नव्हे. पाणी. ओहोळासारखं, काचेसारखं स्वच्छ, तांब्याभर तरी. सगळं तिच्या पायांवर. मान वर केली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, खारट आहे."

त्या पाण्यात सालं होती. मनुकांचीच असणार, सकाळी दिल्या होत्या. पण किती.

मग क्षणभर म्हणाली छातीवरचा दगड उतरला. आणि मग ओठ सुजले. बघता बघता. डोळे मिटत गेले, अंगभर लाल गांधी, श्वासाला शिट्टी. बुद्धभूषणनं तिला उचलून खाली नेली, विमलाबाईंच्या मुलानं गाडी काढली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. बराच वेळ श्वास शिट्टी वाजवत होता, मग हळूहळू खाली आला. ते म्हणाले, हे माझ्या आवाक्यातलं नाही, मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

दिशा अर्ध्या वेणीनं दिवसभर बसून होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

१० जुलै, गुरुवार

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं नाव योगिनी. वयानं रोहिणीएवढ्याच असतील. माझ्याकडं आधी खुर्ची सरकवली. मग सगळं पहिल्यापासून विचारलं. कधी दुखतं, कुठं दुखतं, खोकल्यातून काही पडतं का. रक्त? नाही. बेडका? नाही. काहीच नाही? रोहिणी म्हणाली, रविवारी ते खारट पाणी आलं, त्यात नुसती सालं होती.

"ती माझ्या मनुकांची," मी म्हटलं. "रोज भिजवून देते."

"कसल्या मनुका, आजी?"

"काळ्या."

"आणि सालं कसल्या रंगाची होती?"

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरबाईंकडं.

"पांढरी," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. याआधी कधी पडली होती का, विचारलं. मी मार्चमधलं सांगितलं, द्राक्षांचं, बेसिनातलं, आम्ही केलेली थट्टा. सांगताना माझ्याच कानाला ते कसंतरी लागायला लागलं. तेव्हा ती म्हणत होती ना, खाल्लं नाही म्हणून. मी वाढवलेल्या पोरीपेक्षा बेसिनावर विश्वास ठेवला मी.

बाईंनी तिच्या पोटाला हात लावला. तान्ह्या बाळाच्या टाळूला लावतात तसा. लगेच काढून घेतला. छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, रक्त, सगळं आजच करायला सांगितलं. रोहिणीनं रजेचं विचारलं. बाई म्हणाल्या, रजा मोठी घ्या.

१२ जुलै

नाव कळलं. बुद्धभूषणनं कागदावरून वाचून दाखवलं. हायडॅटिड. माझ्या जिभेला वळत नाही आणि वळू पण नये.

बाईंनी चित्र काढून समजावलं. कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. भाजीवरून, पाण्यातून, कुत्र्याच्या अंगावरून कशीही माणसाच्या तोंडात जातात. मग ते बीज काळजात, बाई त्याला यकृत म्हणाल्या, फुप्फुसात, मिळेल तिथं बसतं आणि पाण्याची पिशवी करून राहतं. वर्षानुवर्षं. हळूहळू वाढतं. कुठं लागण झाली हे शोधू नका म्हणाल्या, लहानपणीही झाली असेल, सापडायचं नाही. पाहण्यात कमी येतं, म्हणून कुणाला पटकन सुचत नाही, पोटदुखी म्हटलं की गॅस आणि खोकला म्हटलं की क्षय.

फुप्फुसातली पिशवी फुटली. ते पाणी तिचं. ती सालं तिची. पिशवीचंच अस्तर ते.

काळजातली अजून तशीच आहे. शहाळ्याएवढी. सोनोग्राफीत मी बघितली. काळी, गोल, आणि आत आणखी गोल, आणि त्यांच्या आत. त्यांना लेकी म्हणतात, डॉक्टरी भाषेतसुद्धा. पिशवीच्या लेकी.

आता काही आठवडे गोळ्या, ती जरा मरगळावी म्हणून. मग ऑपरेशन, अलगद, न फोडता. तोपर्यंत पोटाला कुणी हात लावायचा नाही, धक्का नाही, वजन नाही, गाडीवर बसणं नाही. आत फुटली तर आधी अंगाला खाज सुटेल, गांधी उठतील, मग घसा मिटेल. परवा छातीतली फुटली तेव्हा निभावलं. ही त्याहून कितीतरी मोठी. घरात फुटली तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही.

मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, बाई, मी तिचं पोट चोळत होते, फेब्रुवारीपासून. अंगठ्यानं दाबलंय.

बाईंनी चष्मा काढला. "आजी, तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

घरी येताना रिक्षात एकच विचार. एवढीशी होती तेव्हापासून चिऊकाऊचे घास भरवले मी हिला. माझ्या ताटातलं काढून दिलं. ते कुणाला जात होतं?

१६ जुलै

पलंगाच्या पायांखालच्या विटा काढल्या, उंची नको. दिशाला आईजवळ झोपायला बंदी, झोपेत लाथ मारते. उंबऱ्यावरचं पायपुसणं काढलं, पाय अडकेल. रोहिणी म्हणते, मला काचेच्या बरणीत ठेव म्हणजे झालं. जमलं असतं तर ठेवलं असतं.

विमलाबाई लिंबू घेऊन आल्या होत्या उतरवून टाकायला. मी नको म्हटलं. रागावल्या, तुम्ही कशालाच मानत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मानते, डॉक्टरबाईंना मानते. जिना उतरताना पुटपुटत गेल्या. मग संध्याकाळी त्यांनीच खिमट करून पाठवलं.

हातांचं काय करावं कळत नाही. दिवसभर काहीतरी निवडत बसते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते.

२१ जुलै

आज मागितलं तिनं.

दुपारी कळ आली. गोळी घेतली तरी जाईना. कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घ्यायला गेली, मी पाय धरले. तेव्हा म्हणाली, आत्या, जरा हात फिरव ना. जरासा.

नाही म्हटलं मी. तिला. हिला आई नव्हती तेव्हापासून माझा हात पोटावर असल्याशिवाय झोपायची नाही. हात काढला की उठायची. मी रात्र रात्र एका कुशीवर काढलीय, खांदा बधिर व्हायचा.

ती रागावली असती तर बरं होतं. रागावली नाही. बरं, म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

२५ जुलै

ती झोपली की मी बघत बसते. श्वास घेताना छाती आधी उचलावी माणसाची. हिची बरगडीखालची जागा आधी उचलते. मग छाती. जसं काही तीच श्वास घेते आणि रोहिणी तिच्या मागून.

दिशानं विचारलं, आजी, आईच्या पोटात कोण आहे?

कुणी नाही म्हटलं.

खोटं बोलले पोरीशी.

२९ जुलै

दिशानं शाळेतला विनोद सांगितला. रोहिणी हसायला लागली. मी ओरडले — हसू नको.

दिशा ओट्याखाली जाऊन बसली.

हसू नको. कुणी आपल्या लेकराला असं म्हणतं का.

१ ऑगस्ट

शिंकली. एकदाच.

काही झालं नाही. मी भिंत धरून खाली बसले. ती वरून बघत होती. ती मला म्हणाली, घाबरू नको. ती मला.

बुधवारी दाखल करायचं. गुरुवारी ऑपरेशन. बाई म्हणाल्या, गोळ्या लागू पडतायत, पिशवी थोडी मवाळ दिसते. थोडी लहान होईल आणखी.

लहान होईल म्हणाल्या.

३ ऑगस्ट

स्वप्नं नाहीत पडत. झोपच नाही तर —

डोळे मिटले की हाताच्या तळव्याला ती गाठ लागते. अंगठ्याला. आत हलतं ते. धुतले हात. पुन्हा धुतले. बुद्धभूषण म्हणाले, आत्या, साबण संपला का हो इतक्यात.

रोहिणीनं ऐकलं. माझा हात घेतला आणि गालाला लावून धरला, किती वेळ. गालाला तर चालतं ना, म्हणाली.

५ ऑगस्ट, मंगळवार, दुपार

सकाळपासून कळ थांबत नाही. बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या उद्याची वाट बघू नका, आत्ताच आणा. बुद्धभूषण दवाखान्यात रक्ताच्या सोयीला गेलेत. गाडी घेऊन निघालेत तिथून, फोन आला. झोपवून आणायची गाडी. दिशा शाळेत. आम्ही दोघीच.

ती रडत नाही. दात आवळून छताकडं बघते. घाम. मी कपाळ पुसते, पाय चेपते, केस विंचरते. तरी तिचा हात माझ्या हाताला ओढतो.

म्हणाली, "आत्या, दाबू नको. नुसता ठेव."

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं.

मग ती म्हणाली, "उद्या नसले तर?"

ठेवला.

डावा ठेवलाय. उजव्यानं हे लिहितेय. भार नाही दिलेला, सायीवर माशी बसते तेवढासुद्धा नाही. कोपर पलंगाच्या कडेला टेकवलंय म्हणजे हात जड होणार नाही. खाली ती लागते. गोल. वर येते, खाली जाते. जाऊ दे. आज शेवटचं काय ते येणं-जाणं तुझं. उद्या-परवा तुला बाहेर काढतील.

रोहिणीचे डोळे मिटले. आवळलेलं तोंड सैल झालं. किती दिवसांनी. लहानपणी झोपताना खालचा ओठ असाच पुढं यायचा. कशाला एवढी वर्षं लिहायला शिकले कुणास ठाऊक, हा ओठ लिहिता येत नाही.

गाडी येईलच. जिन्यावर पाय वाजले की हात काढून घेईन. कुणाला सांगणार नाही आम्ही.

झोपली.

खाली मोटारसायकली सुटल्या, पाळी सुटली वाटतं. आवाजानं जराशी दचकली. पण उठली नाही. झोपलीय.

हाताला काही लागत नाही.

हात सरकला असेल — नाही, तिथंच आहे. बरगडीची कड लागते. तिच्या खाली मऊ. सगळं मऊ.

गोळ्यांनी विरली असेल. बाई म्हणाल्याच होत्या, लहान होईल —

जागी झाली. हसली माझ्याकडं बघून. म्हणते, आत्या, दुखायचं थांबलं गं. म्हणते, बघ, तुझा हात —

थांबलं. खरंच थांबलं. पोट सपाट दिसतंय. गाडी कुठं राहिली —

मान खाजवतेय. डास असेल. आता दंड. आता दोन्ही —

नको गं, नखांनी नको, मी देते ना हात फिरवून, आता फिरवते, कुठं खाजतंय सांग, रोहिणी, सांग ना, कुठं —